तुझ्या खोलीत खोकतंय कोण?

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या वाडीतला एक मुलगा पुढच्या आठवड्यात मस्कतला चाललाय. आयटीआय केलेला, वीस-बावीस वर्षांचा. परवा व्हिसाचा कागद दाखवायला घरी आला आणि ओटीवर बसून म्हणाला, "काका, तिकडे सेट व्हायला किती दिवस लागतात?" त्याला मी तेव्हा चहा दिला, उत्तर दिलं नाही. जे सांगायचं ते आज सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, कारण ते त्याच्याइतकंच त्याच्या आईवडिलांनीही ऐकायला हवं.

मी गुहागर तालुक्यातला. १९९३ साली गेलो, २०१७ साली कायमचा परत आलो. ही चोवीस वर्षं ओमानमध्ये गेली. आमच्या गावाहून मुंबईला जायला तेव्हा एसटीत अख्खी रात्र जायची आणि मुंबईहून मस्कतला विमानाने अडीच-तीन तासांत पोचायचो. समुद्रही तोच. बहामनी काळात आमच्या शेजारच्या दाभोळ बंदरात अरबस्तानातून घोडे उतरायचे, म्हणजे ये-जा काही नवी नाही. पण अंतर कमी आहे म्हणून माणूस लवकर रुळतो असं नसतं.

मुंबईच्या एका एजंटाने इलेक्ट्रिशियनची नोकरी सांगून आमच्याकडून पैसे घेतले होते. त्यासाठी वडिलांनी कलमांची बाग गहाण टाकली. मस्कतला उतरल्यावर एकाकडून कागद वाचून घेतला, तर धंद्याच्या जागी 'हेल्पर' लिहिलेलं. पगार ठरलेल्याच्या निम्मा. म्हणून परवा त्या मुलाचा कागद हातात आल्यावर मी आधी धंद्याचा रकाना पाहिला, मग पगाराचा, आणि मगच त्याचं अभिनंदन केलं. आज नोंदणी असलेल्या एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. एजंट नोंदणीकृत आहे की नाही ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सहसा ईसीआरचा, म्हणजे 'जाण्याआधी सरकारी तपासणी हवी' असा शिक्का असतो. त्याला आखाती देशांत कामाला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि सोबत प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. दोन वर्षांचे २७५ रुपये आणि संरक्षण १० लाखांचं. ही सोय आपल्यासाठी केलेली आहे, तिचा कंटाळा करू नका. 'ओळखीचा माणूस आहे' एवढ्यावर बाग गहाण टाकू नका.

आता खोलीबद्दल. मस्कतच्या रुवी भागातल्या एका जुन्या इमारतीत आम्ही आठ जण एका खोलीत होतो. चार खाटा, प्रत्येकीवर दोन मजले. माझी जागा वरची, एसीच्या तोंडासमोर. खाली बांगलादेशातल्या चितगावचा एक जण, पलीकडे राजस्थानचा गवंडी, एक केरळचा सुतार, एक पाकिस्तानातल्या सियालकोटचा ड्रायव्हर. पहिले तीन महिने मी कुणाशी धड बोललो नाही. दिवसभर उन्हात पाइप ओढायचे, लोखंडाला हात लागला की कातडी चिकटायची. आता ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे. आमच्या सुरुवातीच्या काळात तसं काही नव्हतं. रात्री भिंतीकडे तोंड करून पडायचं आणि आत्ता घरी काय चाललं असेल, ते घड्याळात दीड तास मिळवून मोजायचं.

मला त्या खोलीत बोलतं केलं ते कुळथाने. स्वयंपाकाच्या पाळ्या असायच्या. माझी पाळी आली त्या दिवशी मी आईने दिलेल्या पिठाची पिठी केली. लसूण ठेचून फोडणी, वरून चार आमसुलं. सुतार पातेल्याशी आला, वास घेतला आणि म्हणाला, "मुतिरा!" त्याच्या भाषेत कुळथाला मुतिरा म्हणतात. मग त्याने ट्रंकेतून एक काळपट, सुरकुतलेलं काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. ती कुडमपुळी. आपण कालवणात कोकम घालतो तशी ते माशात ती घालतात, दोन्ही झाडं एकाच कुळातली. त्या रात्री आम्ही जेवण होऊनही तासभर पातेल्याभोवती बसून होतो. माझं तिथलं राहणं सुरू झालं ते त्या रात्रीपासून असं मी धरतो. व्हिसावरची तारीख वेगळी आहे.

भाषेचं फारसं अडत नाही. हिंदीवर निम्मं काम भागतं, आणि 'शुकरान' म्हणजे आभार, 'बुकरा' म्हणजे उद्या, 'माफी मुश्किल' म्हणजे काही अडचण नाही, हे आठवड्याभरात तोंडात बसतं. तिथल्या ओळखपत्राला आपली माणसं 'पताका' म्हणतात, ते सतत खिशात ठेवायचं. रियालचे हजार बैसा होतात. १९७० पर्यंत तिथे रुपयाच चालायचा, त्यामुळे 'बैसा' हा शब्द ऐकून परकं वाटत नाही. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा. आणि करार पुरा झाला की दुसरीकडे नोकरी धरायला जुन्या मालकाचं ना हरकत पत्र २०२१ पासून लागत नाही. आमची अर्धी उमर त्या एका पत्राच्या धाकात गेली, म्हणून मुद्दाम सांगतोय.

पण मला खरं सांगायचंय ते कॅसेटबद्दल.

तेव्हा फोन महाग होता. गावात एसटीडी बूथ एकच, तोही तिठ्यावर. म्हणून आम्ही कॅसेट भरून पाठवायचो. कुणी सुट्टीवर निघाला की त्याच्या बॅगेत द्यायची. मी पहिली कॅसेट भरली ती रात्री, सगळे झोपल्यावर. त्यात सांगितलं, मी मजेत आहे, कंपनीने मला एकट्याला खोली दिलीय, काम सावलीतलं आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटीत पन्नास मिनिटं मी हेच बोलत होतो.

दोन महिन्यांनी आईची कॅसेट आली. आधी कौलांवरचा पाऊस ऐकू आला. मग कोंबडी, मग लांबून एसटीचा हॉर्न, आणि मग ती. वाडीतल्या कुणाकुणाची खबर दिली, गाय व्याली ते सांगितलं. आणि म्हणाली, "तुजा आवाज खणखणीत हाय, बरं वाटलं. पण बाबू, तुज्या खोलीत खोकतंय कोण?"

खाली चितगावच्या माणसाला खोकला झाला होता. मला त्याची सवय झाली होती, मला तो ऐकूच येत नव्हता. आईने ऐकला.

श्रोतेहो, परदेशात रुळणं अवघड होतं ते ऊन आणि परकी भाषा यांच्यापेक्षा या असल्या बोलण्याने. घरच्यांना काळजी नको म्हणून आपण थाप मारतो, आणि मग त्या थापेला शोभेल असं राहावं लागतं, पैसे पाठवावे लागतात. आमच्या खोलीतल्या राजस्थानच्या गवंड्याने घरी सांगितलं होतं की मी सुपरवायझर आहे. घरच्यांनी सुपरवायझरच्या हिशेबाने लग्नं काढली, घर बांधायला घेतलं. त्याचा त्यांना दोष देता येत नाही. तो मात्र साठीपर्यंत विटा रचत राहिला, आणि सुट्टीवर जायचं म्हटलं की त्याच्या पोटात गोळा यायचा. हा माणूस ना तिथे रुळला, ना घरी त्याला मोकळं बसता आलं.

म्हणून जाणाऱ्याला माझं सांगणं, पगाराचा आकडा घरी सांगा. रियालला रुपयांनी गुणून येतो तो सगळा सांगू नका, मेस, औषधपाणी आणि कर्जाचा हप्ता जाऊन उरतो तो सांगा. बँकेतलं इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करून घ्या आणि तिकडून येणाऱ्या पैशासाठी एनआरई खातं उघडा. आणि घरच्यांनो, 'किती पाठवतोस' हे विचारण्याआधी 'जेवलास काय' हे विचारा. ओमान सहसा कुणाला नागरिकत्व देऊन ठेवून घेत नाही. आज ना उद्या तो मुलगा तुमच्याच ओटीवर येऊन बसणार आहे. त्याला तुमच्याशी बोलता येईल असा तो परत यायला हवा.

एक आठवण सांगायची राहिली. तिसऱ्या वर्षी जुलैत आम्हाला कामासाठी सलालाला नेलं. तिथे त्या दिवसांत खरीफ असतो, म्हणजे आपल्याकडे येणारा मोसमी वाराच तिकडच्या डोंगरांना अडतो. मी गाडीतून उतरलो तर भुरभुर पाऊस, हिरवा डोंगर आणि रांगेने माड! तिन्ही वर्षांत मी रडलो नव्हतो, तिथे रडलो. ते घरी लगेच कळवलं. तोवर मी खरं कळवायला शिकलो होतो.

कारण आईच्या त्या प्रश्नानंतर दुसरी कॅसेट मी सगळ्यांसमोर भरली. खोलीत आठ जण आहोत म्हणून सांगितलं, हेल्परचं काम आहे म्हणून सांगितलं आणि टेप हातोहात फिरवला. प्रत्येकाने आपलं नाव आणि गाव सांगितलं. चितगावचा माणूस त्याच्या भाषेत बराच वेळ बोलला. आईला त्यातलं एक अक्षर कळलं नसणार.

गणपतीनंतर गावचा एक जण परत आला, त्याच्या हाती तिने डबा धाडला होता. आत कुळथाचं पीठ, आमसुलं आणि आलेपाकाच्या आठ पुड्या. सात सारख्या होत्या. आठवी दुप्पट मोठी होती आणि तिला लाल दोरा बांधलेला होता. कुणाची ते तिने कॅसेटमध्ये सांगितलं नव्हतं. मी ती उचलून खालच्या खाटेवर दिली.