खालून टाकलेला चेंडू

नमस्कार श्रोतेहो.

नेरूळच्या मैदानावर सकाळी सरावाला आलेल्या एका मुलीची वेणी तिची मैत्रीण घालत होती. मुलींच्या संघात हे रोजचंच, म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. मग तीच हळूच म्हणाली, "ताई, हात वर जात नाही. कंगवा धरला की खांद्यात पुढून कळ येते." नववीतली मुलगी. आदल्या शनिवार-रविवारी शालेय सॉफ्टबॉल स्पर्धेत आमचे चार सामने झाले होते आणि चारही सामन्यांत पिचिंग, म्हणजे फटका मारणारीकडे चेंडू टाकायचं काम, हिनेच केलं होतं.

मी तिला रागावले नाही. रागवायला तोंडच नव्हतं. तिला चारही सामने उभी करणारी प्रशिक्षक मीच. शिवाय शाळेत असताना मी स्वतः पिचर होते, माझाही खांदा असाच धरला होता, आणि तेव्हा आमच्या सरांनी सांगितलं होतं, "अगं, खालून तर टाकायचाय चेंडू, त्यात काय दुखायचंय?"

सॉफ्टबॉलमध्ये मुलींचं सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने केलंय, असं माझं मत आहे. आपल्याला खालून टाकणं म्हटलं की लगोरी आठवते, गल्लीतलं अंडरआर्म क्रिकेट आठवतं. फास्टपिच, म्हणजे वेगाने चेंडू टाकायच्या सॉफ्टबॉलमधली विंडमिल (पवनचक्की) पद्धत तशी नसते. पिचर मागच्या पायाने जमीन रेटून लांब टांग टाकते. तेवढ्या वेळात तिचा हात पुढून वर, डोक्यावरून मागे आणि पुन्हा खाली असा पूर्ण गोल फिरतो. मांडीशी आला की मनगटाचा झटका बसतो आणि चेंडू सुटतो. चेंडूही काही सॉफ्ट नसतो बरं का, नाव कोणी ठेवलं कोण जाणे. घेर १२ इंच, वजन १७८ ते १९८ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड.

हात भिंतीवरच्या घड्याळाचा काटा आहे असं समजा. वरून खाली येताना नऊच्या जागेपासून चेंडू सुटेपर्यंतचा जो टप्पा आहे, तिथे सगळी गोम आहे. इतक्या वेगाने फिरणारा हात खांद्याच्या खोबणीतून बाहेर निघू पाहतो. प्रयोगशाळेत मोजलेली ही ओढ खेळाडूच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास जाते. म्हणजे प्रत्येक चेंडूला ती मुलगी क्षणभर एका हाताने झाडाच्या फांदीला लोंबकळते म्हणा ना. आणि हा हात जागेवर धरून ठेवायला कोण असतं? दंडाचा पुढचा स्नायू, ज्याला मुलं जिममध्ये बायसेप्स म्हणून आरशात बघतात, तो. त्याला एकाच वेळी कोपर आवरायचं असतं आणि खांदाही धरायचा असतो. म्हणून कळ खांद्याच्या पुढच्या बाजूला येते. वरून चेंडू फेकण्यापेक्षा या पद्धतीत त्या स्नायूला जास्त राबावं लागतं, हे मोजून पाहिलेलं आहे.

मनगटाच्या पिळामुळे कोपराखालचं करंगळीच्या बाजूचं हाड पिरगळतं. तिथे बारीक तडा गेल्याची उदाहरणं जपानी डॉक्टरांनी नोंदवली आहेत. पुढच्या पायावर प्रत्येक वेळी शरीराच्या वजनाहून जास्त धक्का येतो. मागचा पाय घासत येतो, त्यामुळे पिचरच्या एकाच बुटाचं नाक झिजतं. आमच्याकडे ठाण्या-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर मैदानात चिखल, मग पोरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, खांबाला जुनी गादी बांधून सराव करतात. हौस कौतुकाची आहे, पण काँक्रीटवर ती टांग टाकून टाकून नडगी दुखायला लागते. निदान दोन रबरी मॅट तरी टाका, एवढं मी पालकांना सांगते.

दुखापतीचा दुसरा प्रकार एका क्षणात होतो. मोठ्या मुलींच्या सामन्यात पिचरच्या पट्टीपासून होम प्लेट, म्हणजे फटका मारणारीची जागा, ४३ फूट. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फूट, हे आपल्याला पाठच असतं. टांग टाकल्यावर पिचर आणखी पाच-सहा फूट पुढे जाते. ताशी १०५ किलोमीटरने सरळ फटका परत आला, तर तिच्या हातात अर्धा सेकंदही नसतो. जपानची युकिको उएनो म्हणजे जगातल्या सर्वश्रेष्ठ पिचरपैकी एक. २०१९ मध्ये असाच फटका तोंडावर लागून तिचा जबडा मोडला. तिथे वेळ मिळाला नाही, तर आमच्या मुलींना कुठून मिळणार? चेहऱ्याला जाळीचा मास्क मिळतो. मुली लाजतात, पोरं हसतील म्हणतात. हसू देत.

उएनोची दुसरी गोष्ट सगळे प्रशिक्षक छाती फुगवून सांगतात. २००८ चं बीजिंग ऑलिंपिक. २० ऑगस्टला तिने दोन सामने टाकले, एक ९ इनिंगचा आणि एक १२ इनिंगचा; एरवी सामना ७ इनिंगचा असतो. एका दिवसात ३१८ चेंडू. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात आणखी ९५, आणि जपानने अमेरिकेला ३-१ हरवून सुवर्ण घेतलं. २०२१ मध्ये टोकियोत वयाच्या ३९ व्या वर्षी ती पुन्हा सुवर्णपदकापर्यंत गेली. मलाही ही गोष्ट आवडते. पण उएनो तेव्हा २६ वर्षांची, अनेक वर्षं तयार झालेली खेळाडू होती. चौदा वर्षांच्या मुलीला हा दाखला देऊन उभं करायचं, हे मला पटत नाही.

लिटल लीग या अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत २००७ पासून मुलांचे चेंडू मोजतात, अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ च्या वर टाकू देत नाहीत. आपल्याकडे बुमराहचा वर्कलोड हा विषय चहाच्या टपरीवरही निघतो. सॉफ्टबॉलच्या पिचरचे चेंडू मात्र आमच्या मैदानावर कोणी मोजत नव्हतं. मीही नाही.

त्या सकाळनंतर मी शंभर पानी वही आणली. डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकावर, बदली खेळाडू बसते, ती प्रत्येक चेंडूला एक रेघ मारते, पाचवी रेघ आडवी. सरावाचे चेंडूही त्यात धरतो, कारण खांद्याला सामना आणि सराव वेगळा कळत नाही. ज्या मुलीचा हात वर जात नव्हता, तिला आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे आणि मग फिजिओथेरपीला पाठवलं. सहा आठवडे चेंडू बंद, नुसते पाठीचे, कमरेचे आणि पायांचे व्यायाम. जोर पायातून आणि कमरेतून यायला हवा, तिथे दमलात की सगळा भार खांद्यावर पडतो.

तिच्या जागी दुसरीला उभं केलं, आमच्या शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे क्षेत्ररक्षण करणारीला. पहिल्याच सामन्यात तिने चेंडू बाहेर टाकून टाकून सात जणींना फुकट बेस दिले आणि आम्ही सपाटून हरलो. सामना संपल्यावर एका पालकांनी मला जाळीपाशी गाठलं. "मॅडम, आपली मेन पिचर बाकावर बसलीये, तिला टाकायला काय झालं?" मी त्यांच्यासमोर वही उघडली आणि त्या शनिवार-रविवारच्या पानावर बोट ठेवलं. ते पान मी नंतर स्कोअरशीटवरून, आठवून आठवून भरलं होतं. त्यांनी रेघा मोजायला सुरुवात केली. दोनशेच्या पुढे गेल्यावर थांबले आणि म्हणाले, "हे दोन दिवसांतलं?"