तापीखालच्या खडकात भूकंपाची लहर किती विरते?

(दृश्य: सातपुड्याचा उतार, पहार)

शिरपूरच्या उत्तरेला हा खड्डा. वर माती, खाली मुरूम, आणि मग पहार खणकन वाजते. काळा पाषाण लागला. भूकंपमापकाला हाच हवा. भुसभुशीत मातीवर ठेवला, तर दिवसभर ट्रॅक्टर आणि बोअरच्या मोटारीच नोंदवत बसेल.

बुडाशी सिमेंटचा ओटा, त्यावर डब्याएवढं यंत्र. आधी पातळी, मग उत्तर दिशा. बुडबुडा मधोमध येईपर्यंत घाई चालत नाही. वर सौरपट्टी, आणि वेळ अचूक ठेवायला जीपीएसचा अँटेना.

बांधावरून आप्पा अहिराणीत विचारतात, ‘आठे भूकंप व्हई का?’ म्हणजे, इथं भूकंप होईल का?

ते हे यंत्र सांगत नाही. लांबून आलेली लहर वाटेत किती विरली, एवढंच ते मोजतं. किल्लारीकडे जमीन हलली, तर कवचात आपटत, सेकंदाला साडेतीन किलोमीटर धावणारी लहर जळगावला शंभरेक सेकंदांत पोचते. पसरल्यामुळे ती क्षीण होतेच. शिवाय खडकातल्या भेगा आणि त्यांतलं पाणी तिची ताकद उष्णतेत घालवतात, आणि वेडेवाकडे थर तिला भलतीकडे उधळतात. या घटीचं उलटं माप म्हणजे ‘क्यू’. क्यू मोठा, तर लहर दूरवर दमदार. दक्षिण भारताच्या जुन्या खडकात तो मोठा, हिमालयात लहान.

(दृश्य: नकाशा)

यंत्रं जोडीनं लावायची. एक इथं, दुसरं तापीपलीकडे अजिंठ्याच्या डोंगराकडे, आणि भूकंप त्याच रेषेत हवा. दोन्ही नोंदींचं गुणोत्तर घेतलं, की मूळ धक्का केवढा होता हा प्रश्नच गळतो. उरतो मधल्या जमिनीचा हिशेब. अशा शेकडो वाटा एकमेकींना छेदल्या, की नकाशा भरत जातो.

आणि मधली जमीन साधी नाही. तापीकाठी ठिकठिकाणी शेकडो मीटर गाळ. हे उनपदेव, गोमुखातून येणारं पाणी हात भाजेल इतकं ऊन. १४ मार्च १९३८ला सातपुड्यात सव्वासहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला, तोही सुमारे चाळीस किलोमीटर खोल. तेव्हा खानदेशात असं जाळं नव्हतं. आता तरी ते दाट हवं, दोन-चार यंत्रांवर भागणार नाही.

धुळे-जळगावच्या नव्या इमारतींच्या आराखड्यांना हे आकडे लागतील.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा)

ही पहिली नोंद. भूकंप नाही, समुद्राच्या लाटांची अखंड थरथर आहे ही. ती गाळल्यावरच खरं काम सुरू होतं.