पेटीवरची चिठ्ठी आणि बॅकस्लॅश एन

(दृश्य: आंब्याच्या पेट्यांनी भरलेली पडवी. बाहेर रणरणतं ऊन.)

मे महिना. रत्नागिरीजवळच्या पावसला एका घराच्या पडवीत पेट्या भरणं चाललंय. खाली भाताचा पेंढा, वर हापूस. रात्री टेम्पो वाशीच्या बाजाराला निघणार, आणि त्याआधी प्रत्येक पेटीला चिठ्ठी लागायला हवी: बाग कुठली, डझन किती, माल कुठे जायचा. आजवर काका ह्या चिठ्ठ्या हातानेच लिहायचे. यंदा पुतणीने त्यासाठी सी ह्या कॉम्प्युटरच्या भाषेत छोटासा प्रोग्रॅम लिहिलाय. ती कॉलेजात सी शिकते. एका पेटीला तीन वेळा प्रिंटएफ, म्हणजे सीमधली मजकूर छापायची आज्ञा, एवढंच काम.

पहिल्यांदा चालवला, तर पडद्यावर हे आलं:

पावस५ डझनवाशीपावस४ डझनवाशीपावस६ डझनवाशी

काका वाकून बघतात. "अगो, हे काय? सगळे आंबे एकाच पेटीत कोंबलेस की काय?"

तिने प्रोग्रॅममध्ये तिन्ही प्रिंटएफ एकाखाली एक लिहिले होते. मग छापलेलंही एकाखाली एक येईल, असं तिने धरलं. सी शिकायला बसलेल्यांतले बरेच जण इथे फसतात. मीही फसलो होतो. पण प्रिंटएफला तुमच्या प्रोग्रॅमची मांडणी दिसतच नाही. अवतरणातली अक्षरं बाहेर सोडायची, आणि पुढच्या खेपेला जिथे थांबलो तिथूनच सुरुवात करायची, एवढंच ते जाणतं. पुट्स हे त्याचं भावंड ओळ आपणहून मोडतं. प्रिंटएफ मोडत नाही.

मग अवतरणातच एंटर मारला तर? लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारा कंपायलर तिथेच अडतो. अवतरण त्याच ओळीत संपायला हवं. म्हणून सीमध्ये ओळ मोडायला ही खूण ठेवली आहे: बॅकस्लॅश, आणि त्याला चिकटून एन. लिहिताना दोन चिन्हं, पण प्रोग्रॅम तयार झाला की त्यांचं एकच अक्षर होतं. आस्की ह्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत त्याचा क्रमांक १०. इतर अक्षरांसारखंच तेही एक अक्षर, फक्त त्याला शाई लागत नाही.

(दृश्य: टाइपरायटर. घंटा वाजते. डाव्या हाताने दांडी ओढली जाते.)

हा आवाज ज्यांनी टायपिंगच्या क्लासात ऐकलाय, त्यांना पुढची गोष्ट सोपी जाईल. ओळ संपत आली की घंटा वाजायची आणि आपण दांडी ओढायचो. त्या एका झटक्यात दोन कामं व्हायची: रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकायचा, आणि सगळा गाडा पुन्हा ओळीच्या सुरुवातीला यायचा.

तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या टेलिप्रिंटरने ही दोन कामं वेगळी केली. गाडा मागे आणायला एक संकेत, आस्कीत १३. कागद वर सरकवायला दुसरा, १०. टेलिटाइप मॉडेल ३३ हा टेलिप्रिंटर सेकंदाला १० अक्षरं छापायचा, आणि उजव्या टोकापासून डावीकडे परतायला त्याला एका अक्षरापेक्षा जास्त वेळ लागायचा. म्हणून आधी १३, मग १०: कागद सरकेपर्यंत गाडा डावीकडे पोचायचा.

१९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली. ती ज्या युनिक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत वाढली, तिथे ओळ मोडायला एकटा १० पुरतो. डॉस आणि विंडोज मात्र १३ आणि १० ही जोडी धरून राहिले. त्यामुळे विंडोजवर साध्या मजकुराच्या फाइलीत बॅकस्लॅश एन लिहिला की त्याच्याआधी १३ गुपचूप जोडला जातो. युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सवर केलेली फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली की सगळा मजकूर एकाच ओळीत दिसायचा, तो ह्याच भांडणामुळे. २०१८ साली कुठे नोटपॅडला एकटा १० समजायला लागला!

(दृश्य: पुन्हा पडवी. टेबलावर जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर.)

पुतणीने तिन्ही ठिकाणी बॅकस्लॅश एन घातला. पडद्यावर चिठ्ठी सरळ आली. मग तिने लिनक्सवरून तोच मजकूर थेट ह्या प्रिंटरला पाठवला:

पावस
        ५ डझन
                    वाशी

काका हसले. "ही तर आपली पाखाडी झाली!"

खरंच, डोंगरउतारावरून समुद्राकडे जाणारी पायऱ्यांची पाखाडी अशीच दिसते. हा प्रिंटर जुन्या शिस्तीचा. १० मिळाला, त्याने कागद सरकवला. डावीकडे परत जा, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बॅकस्लॅश एनच्या आधी बॅकस्लॅश आर, म्हणजे तो जुना १३, घातला आणि पाखाडी सपाट झाली.

तिसरी अडचण मात्र तिला सगळ्यात जास्त छळून गेली. प्रोग्रॅम मध्येच कोसळायचा. कुठवर पोचला हे कळावं म्हणून तिने जागोजागी प्रिंटएफ पेरले, पण ह्या खेपेला ओळ मोडायची राहिली. "सातवी पेटी" हा निरोप काही दिसला नाही, म्हणून ती सहाव्या पेटीतच चूक शोधत बसली. लिनक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे प्रोग्रॅम चालवायच्या खिडकीत, छापायची अक्षरं आधी साठवून ठेवली जातात आणि ओळ संपली की बाहेर येतात. सातवीचा निरोप छापायला गेला होता. प्रोग्रॅम कोसळला आणि साठवणीतला निरोपही त्याच्याबरोबर बुडाला. अशा वेळी ओळ तरी मोडायची, नाहीतर एफफ्लश ही आज्ञा देऊन साठवण मुद्दाम रिकामी करायची. फाइलीकडे वळवलेल्या मजकुराला तर ओळ मोडूनही भागत नाही. तिथे साठवण भरेपर्यंत सगळं थांबून राहतं.

संध्याकाळ. पेट्या दोरीने बांधून झाल्या आहेत. प्रिंटर खरखरतो. शेवटची चिठ्ठी छापली जाते, पण "वाशी" हा शब्द अजून प्रिंटरच्या आतच अडकलाय. कागद फाडायला गेलं तर तो अर्धा जाईल. ती प्रोग्रॅमच्या शेवटी आणखी चार बॅकस्लॅश एन टाकते. कागद चार ओळी वर येतो.

काका चिठ्ठी फाडतात, डिंक लावतात. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देतोय.