बालदीभर पाणी

नमस्कार मंडळी. मागे साखळीच्या एका पोराने विचारलं, दादा, मला मर्चंट नेव्हीत ऑफिसर व्हायचंय पण मरीन सायन्सपण शिकायचंय, दोन्ही एकदम जमेल काय? म्हटलं, डिग्र्या एकदम नाही जमणार रे बाबा. डीएनएस, म्हणजे नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा केलास तर एक वर्ष अकादमीत, मग १८ महिने जहाजावर, तेव्हा कुठे सेकंड मेटची, म्हणजे ऑफिसर व्हायची परीक्षा, आणि इकडे ताळगावच्या पठारावर विद्यापीठात प्रॅक्टिकलला तू नसशील तर हजेरी कोण लावणार? एक आधी, एक नंतर, असंच करावं लागतं.

पण अभ्यास मात्र एकच आहे, हे मला कॅडेट, म्हणजे जहाजावर शिकाऊ असताना कळलं, तेसुद्धा शिव्या खाऊन.

पावसाळ्याचे दिवस, जहाज नदीच्या मुखाशी, माल भरणं चालू. चीफ मेट, म्हणजे माल भरण्याचं बघणारा मोठा ऑफिसर म्हणाला, जा, पाण्याची डेन्सिटी, म्हणजे घनता घेऊन ये. मी दोरीला बालदी बांधून सोडली, घनता मोजायचा हायड्रोमीटर बुडवला, आकडा सांगितला. त्याने विचारलं, बालदी कुठे टाकलीस? मी टाकली होती बरोबर तिथे, जिथे आमच्याच जहाजातलं पाणी बाहेर पडत होतं! मग जे ऐकून घेतलं ते रेडिओवर सांगता येत नाही.

आता बघा, समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १०२५, म्हणजे घनमीटरला तेवढे किलो, गोड्याची १०००. पावसात जुवारीचं पाणी उतरलं की बंदरातलं पाणी या दोहोंच्या मधे कुठेतरी. समजा जहाजाचा फ्रेश वॉटर अलाउन्स, म्हणजे गोड्या पाण्यात जहाज जेवढं जास्त बुडलं तरी चालतं तो आकडा, २०० मिलिमीटर आणि हायड्रोमीटर दाखवतोय १०१५, तर १०२५ ला १० कमी, म्हणून २०० गुणिले १०, भागिले खाऱ्या-गोड्यातला फरक २५, म्हणजे ८० मिलिमीटर. लोडलाइनची खूण, म्हणजे जहाज कुठवर बुडलं तर चालतं ती बाजूवरची रेघ, तेवढी पाण्याखाली गेली तरी चालते, बाहेर खाऱ्या पाण्यात गेल्यावर जहाज आपोआप वर येतं. आकडा चुकला तर एकतर माल कमी भरला जातो नाहीतर जास्त, आणि जास्त भरला तर धडगत नाही.

दोनापावलला १९६६ साली स्थापन झालेली समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथले लोक हाच खारेपणा खोल पाण्यात यंत्र सोडून मोजतात. आमच्याकडे बालदी, एवढाच फरक.

त्या पोराला म्हटलं, जहाजावर जाताना समुद्रविज्ञानाचं एक तरी पुस्तक घेऊन जा, वॉच, म्हणजे पाळी संपल्यावर डोळे उघडे राहिले तर वाच. आता सुट्टीत घरी आहे तर परवा रायबंदरला मांडवीत बालदी सोडली, सहज. बहीण म्हणते, पाणी मोजायचे पैसे मिळतात तुला? म्हटलं, पहिल्यांदा शिव्याच मिळाल्या होत्या.