टांकसाळीतली चूक आणि टांकसाळीबाहेरची इजा
(साताऱ्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, नाण्यांतले दोष ओळखण्याचा विषय साताऱ्यात मांडायचा आहे, तेव्हा उदाहरण शिवराईचेच घेतो. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे मिरवणारे हे तांब्याचे नाणे हातोड्याने पाडले जाई आणि ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असल्याने एखादे अक्षर, कधी अर्धी ओळसुद्धा, चकतीबाहेर राही. सरकलेली छाप किंवा वेडीवाकडी कडा हा शिवराईचा दोष नव्हे, ती तिची नेहमीची घडण आहे. 'दुर्मीळ एरर शिवराई' म्हणून कोणी चढा भाव सांगितला, तर नमस्कार करून पुढे निघावे.

यंत्रावर पाडलेल्या नाण्याचे तसे नाही. तेथे चकती कॉलर नावाच्या कड्यात बसते, तिच्यावर दोन्ही बाजूंनी ठसे दाबले जातात आणि प्रत्येक नाणे आधीच्यासारखेच निघणे अपेक्षित असते. म्हणून वेगळे दिसणारे नाणे हाती आले की आपण स्वतःला विचारावे, ही खूण या कामाच्या कोणत्या टप्प्यावर उमटू शकली असती? असा टप्पा दाखवता येत नसेल, तर ती टांकसाळीबाहेर झालेली इजा समजावी. ठशाला तडा गेला, तर दाबाखाली धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंचावलेली रेघ येते. ओरखडा मात्र खोल असतो आणि त्याच्या काठाशी सरकलेला धातू साचलेला दिसतो. दहापटीचे भिंग आणि तिरपा उजेड एवढ्यावर हा निवाडा होतो.

सर्वाधिक फसवणूक ब्रॉकेजच्या नावाखाली होते. पाडलेले नाणे ठशालाच चिकटून राहिले आणि पुढची चकती त्याच्याखाली आली, तर तिच्या एका बाजूस नेहमीची छाप उमटते आणि दुसऱ्या बाजूस तीच छाप खोल आणि उलटी येते. घरी दोन नाणी शिकंजात दाबूनही खोल, उलटी अक्षरे मिळतात, पण त्या दाबाने नाण्याची मागची बाजू चेपते. त्यामुळे असे नाणे दाखवले गेले की आधी ते पालथे करावे, विक्रेता कितीही घाई करो.

चकती कापताना पत्रा सरकून काप त्याच्या कडेवर पडला, तर सरळ रेषेत तुकडा कमी पडतो आणि आधी कापलेल्या चकतीच्या छिद्रावर पडला, तर चंद्रकोरीसारखा. अशा नाण्यात त्या जागेच्या बरोबर समोरची कडा बहुधा अस्पष्ट उठते. कानस लावून काढलेल्या तुकड्यात हे आढळत नाही. वजन मात्र दोन्ही प्रकारांत कमी भरते, म्हणून नुसत्या तोलकाट्यावर विसंबू नये.

नाण्याची अवस्था ठरवताना झीज पाहावी आणि ती नेहमी उंच भागावर आधी दिसते. पंचम जॉर्जच्या १९११ च्या चांदीच्या रुपयाचे उदाहरण बोलके आहे. राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड आखूड असल्याने तो डुकरासारखा दिसतो असा आक्षेप आला, नाणी परत घेण्यात आली आणि १९१२ मध्ये हत्ती सुधारला गेला. इतक्या लहान आकृतीतले सोंड आणि पाय यांचे बारकावे आज ठळक दिसत असतील, तर नाणे फारसे वापरले गेलेले नाही असे मानायला हरकत नाही. ते पुसट होऊन हत्तीचा नुसता गोळा उरला असेल, तर तारीख स्पष्ट असली तरी भाव खाली येतो. छाप मुळातच कमजोर पडली असण्याची शक्यताही पाहावी. तशा वेळी पुसट भागाभोवतीची मूळ झळाळी शाबूत राहते, झिजलेल्या नाण्यात ती उरत नाही.

आता राहिली स्वच्छतेची खोड. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये रांगोळीने घासण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे आणि देवापुढचे ताट लखलखीत व्हावे ही भावनाही समजण्यासारखी आहे, पण संग्राहकाच्या दृष्टीने ती नाणी त्याच दिवशी गेली. भिंगाखाली सपाट भागावर बारीक रेघांचे जाळे दिसते, उंच भाग चकचकीत आणि अक्षरांचे कोपरे काळे राहतात. असे नाणे न वापरलेल्याच्या भावाने कधीही घेऊ नये. काळवंडलेले आणि घासलेले असे दोन समोर ठेवले, तर मी न विचारता काळवंडलेले उचलतो.