काळ्या ओट्यातले सोनेरी ठिपके

मंडळी, तुमच्या स्वयंपाकघरातल्या काळ्या ओट्यात सोनेरी ठिपके असतील, तर तो दगड बहुतेक आंध्रातून आलेला आहे. प्रकाशम जिल्ह्यात ओंगोलजवळ चिमाकुर्ती नावाचं गाव आहे. ‘ब्लॅक गॅलेक्सी’ म्हणून जगभर जाणारा दगड तिथल्या खाणींतला.

हे ठिपके म्हणजे ब्राँझाइट. लोह आणि मॅग्नेशियम असलेलं हे पायरॉक्सीन कुळातलं खनिज. त्याच्या स्फटिकात इल्मेनाइटसारख्या खनिजांचे अतिशय पातळ पापुद्रे एका दिशेने बसलेले असतात, त्यांच्यावरून प्रकाश परतला की तांबूस-सोनेरी झळाळी येते. इल्मेनाइट आपल्या ओळखीचं आहे, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत तेच असतं. आज घरी गेल्यावर ओट्यावर टॉर्च धरा आणि मान हळूहळू एका बाजूला न्या. एक ठिपका विझेल आणि शेजारचा उजळेल, कारण प्रत्येक स्फटिकाचा कल निराळा.

बाजारात याला ग्रॅनाइट म्हणतात, पण हा गॅब्रो गटातला दगड. ग्रॅनाइटमध्ये भरपूर असणारं क्वार्ट्झ, म्हणजे गारेचं खनिज, यात जवळजवळ नाही; प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन हीच मुख्य खनिजं. खरा ग्रॅनाइट बघायचा तर नांदेड जिल्ह्यात देगलूरकडे जा. तिथल्या दगडाला गुलाबी छटा येते ती पोटॅश फेल्डस्पारमुळे. गॅब्रोचं जवळचं नातं आहे ते आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाशी, म्हणजे बेसॉल्टशी. रासायनिक घडण बरीचशी तीच. बेसॉल्टचा शिलारस जमिनीवर येऊन लवकर थिजला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. चिमाकुर्तीचा शिलारस शंभर कोटी वर्षांपेक्षाही आधी खोल जमिनीखाली सावकाश निवत गेला आणि स्फटिकांना वाढायला सवड मिळाली.

असा दगड सुरुंगाने उडवता येत नाही. हादऱ्याने आत केसासारखी चीर गेली की ब्लॉक वाया. म्हणून कातळात एकमेकांना मिळणारी दोन भोकं पाडतात, त्यांतून हिऱ्याचे मणी बसवलेली पोलादी तार ओवतात, टोकं जोडतात आणि मोटरवर फिरवतात. मणी तापू नयेत म्हणून सतत पाणी सोडतात आणि कापातून राखाडी गाळ वाहत राहतो. कापलेली भिंत मऊ मुरमाच्या ढिगावर आडवी पाडतात, मग तिचे चौकोनी ब्लॉक करतात.

आणि इथेच मला फार वाईट वाटतं. काढलेल्या दगडाचा मोठा भाग खाणीच्या कडेला टाकून दिला जातो. त्यात चिरलेला दगड असतो, तसा पांढरा डाग किंवा रेघ आलेला धडधाकट दगडही असतो. तो डाग बहुधा फेल्डस्पारचा, पायरॉक्सीनपेक्षा जरा जास्त साचलेला. त्याने ओटा कमकुवत होत नाही. गिऱ्हाईक अगदी एकसारखा काळा रंग मागतं, म्हणून तो ढिगावर जातो.

तेव्हा दुकानात फरशी घ्यायला जाल तेव्हा तिच्यावर पाणी ओता आणि पुसून घ्या. सगळी फरशी वाळल्यावरही एखादी रेष ओली राहिली, तर ती चीर आहे. तो दगड बेलाशक परत करा. नुसता पांढरा डाग असेल तर भाव थोडा कमी करून मागा आणि घरी आणा.