चिठ्ठीला न जुमानणारा गायक

(इंदूरमधील एका वसंत व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संपादित)

मंडळी, विषय जाहीर झाल्यापासून मला विचारणा होते आहे, की या मांडवात रॉबर्ट प्लांट कुठून आला? काल ज्ञानेश्वरी झाली, उद्या मधुमेह आहे, आणि मध्येच हा लांब केसांचा इंग्रज. (हशा) लेड झेपेलिन ज्यांना ठाऊक आहे ते मागच्या दोन ओळींत बसलेत. केसांवरून ओळखू येतात, म्हणजे नसलेल्या. (हशा) बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९६८ ते १९८० हा इंग्रज रॉक बँड चालला, प्लांट त्यांचा गायक. ड्रमर जॉन बॉनम वारला आणि बाकीच्या तिघांनी दुकान बंद केलं. तेव्हा प्लांट बत्तीस वर्षांचा होता. आज माझं म्हणणं इतकंच आहे, की खरा गायक त्यानंतर घडला. बँडची वर्षं बारा, नंतरची चाळिशी उलटून गेली, आणि तरी लोक त्या चाळीस वर्षांना पुरवणी समजतात.

असं का होतं? कारण फर्माईश. यावर मला जरा बोलू द्या, बरेच दिवस मनात आहे.

आपल्या इंदुरात मैफलीत चिठ्ठी जाते. उस्ताद अमीर खाँसाहेबांचं हे गाव, इथल्या श्रोत्यांना विलंबित ऐकायची सवय असायला हवी. पण परवाचीच गोष्ट. बाई मारवा राग गात होत्या. मोठ्या गायिका, नाव सांगत नाही. रिषभावर त्या अशा काही थांबल्या होत्या की माझ्या शेजारचे काका घोरायचे थांबले. (हशा) तेवढ्यात पहिली चिठ्ठी आली, पोह्यांच्या बिलाच्या पाठीवर लिहिलेली. बाईंनी ती पेटीखाली सरकवली. दुसरी आली, तीही गेली पेटीखाली. तिसरीत म्हणे ‘कृपया’च्या खाली दोन रेघा होत्या. शेवटी बाईंनी मारवा गुंडाळला आणि त्यांचा तो तीस वर्षांपूर्वीचा अभंग घेतला. टाळ्यांचा कडकडाट! आणि अभंग संपल्यावर अर्धं सभागृह रिकामं. का, तर सराफ्यातल्या खाऊगल्लीत जायचंय, भुट्ट्याचा कीस गार होतो. अहो, तो अभंग तुमच्या फोनमध्ये आहे! मारवा त्या दिवशी फक्त तिथे होता. बाहेर एक चिठ्ठीवाले भेटले, मी जरा बोललो, तर म्हणतात, “भिया, पैसे देऊन राहिलो ना!” (हशा)

पैशांवरून आठवलं. प्लांटनेच मुलाखतीत सांगितलेली गोष्ट आहे. अमेरिकेत गाडी चालवताना रेडिओवर एक छोटं, लोकवर्गणीवर चालणारं स्टेशन लागलं. गाणी त्याला आवडली. निवेदक म्हणाला, वर्गणी द्या, आम्ही ‘स्टेअरवे टू हेवन’ पुन्हा कधीही वाजवणार नाही. प्लांटने गाडी बाजूला घेतली आणि वर्गणी दिली. स्वतःचंच गाणं वाजू नये म्हणून! गाणं वाईट नाही, पण आपण ते आधी ऐकलंय, असं त्याचं म्हणणं. चिठ्ठीला याहून चांगलं उत्तर माझ्या ऐकण्यात नाही.

...हो, आली. (हशा) मलाही चिठ्ठी आली, संयोजकांची. दहा मिनिटं म्हणतायत. मग पळतो आता.

१९८२ साली त्याची पहिली स्वतंत्र तबकडी आली, ‘पिक्चर्स ॲट इलेव्हन’. ड्रमवर बराचसा फिल कॉलिन्स. पुढच्या दौऱ्यांत त्याने झेपेलिनचं एकही गाणं गायलं नाही. तिकीट काढून आलेले चिडले असतील, चिडू देत. ऐंशीच्या दशकातला त्याचा सिंथेसायझर मला स्वतःला फार सोसत नाही, तो भाग सोडतो. १९९४ मध्ये झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज परत भेटला, पण जुनी गाणी घेतली ती इजिप्शियन वादकांना सोबत घेऊन. हे वेड जुनंच, १९७२ साली हे दोघे मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर दोन गाणी ध्वनिमुद्रित करून गेले होते. २००३ मध्ये तो मालीच्या वाळवंटातल्या संगीत महोत्सवात गायला.

आता मुख्य मुद्दा, २००७. डिसेंबरात लंडनमध्ये झेपेलिन एका रात्रीपुरतं एकत्र आलं. पुढे जगभर दौरा केला असता तर पैसा मोजायला माणसं ठेवावी लागली असती. हा गेला ॲलिसन क्राउसबरोबर. ती ब्लूग्रासमधली, म्हणजे अमेरिकी लोकसंगीतातली, व्हायोलिन वाजवणारी, हळू गाणारी. ‘रेझिंग सँड’ नावाची त्यांची तबकडी नुकतीच आली होती. तारसप्तकात किंचाळून नाव कमावलेला हा माणूस साठीच्या उंबरठ्यावर दुसऱ्याच्या सुराला सूर लावायला शिकला. त्यातलं एक गाणं त्याने १९९८ मध्ये पेजबरोबर केलेलंच होतं, तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. तेच खालच्या आवाजात, दोघांनी मिळून म्हटलं, आणि २००९ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचं ग्रॅमी मिळालं. त्या रात्री तबकडीला एकूण पाच.

आपल्या इंदूरच्या माणसाला हे नवीन वाटायला नको. पस्तीस किलोमीटरवर देवास आहे. लहानपणी रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवणारे कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, क्षयाने बिछान्याला खिळले, एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं, आणि उठले ते माळव्याची लोकगीतं नि निर्गुणी भजनं घेऊन. श्वास तुटका, म्हणून ताना छोट्या, म्हणून वेगळ्या. जुने कुमार परत द्या, अशी चिठ्ठी तेव्हाही कुणीतरी पाठवली असेलच.

प्लांटने २०२३ मध्ये ‘स्टेअरवे’ गायलं, तेही सांगून टाकतो, नाहीतर मागची ओळ मला बाहेर धरेल. कॅन्सरसाठी निधी उभारण्याचा कार्यक्रम होता, देणगीच्या बदल्यात गायला. म्हणजे फर्माईश चालते, पण भाव लावून. (हशा) २०२५ मध्ये ‘सेव्हिंग ग्रेस’ ही तबकडी आली, सुझी डायन त्याच्याबरोबर गाते. सत्त्याहत्तराव्या वर्षी काढलेली. आधी ‘रेझिंग सँड’ ऐका, मग ही, आणि झेपेलिन त्यानंतर. उलट्या क्रमाने. संयोजक उभे राहिलेत, मी बसतो. प्रश्न चहाच्या टेबलापाशी विचारा, आणि कृपया चिठ्ठीवर नको.